पहिल्या हाताला दोन

दरेकर सर वर्गात आले की हजेरीच्या आधी मुठी बघायचे. "मुठी बाकावर," एवढंच म्हणायचे आणि बाकांच्या रांगांतून हळूहळू फिरायचे. कोणाच्या बोटांची पेरं सोललीत, कोणाच्या मनगटावर दातांचे वण आहेत, सगळं त्यांना दिसायचं. ज्याची मूठ ताजी फुटलेली असेल त्याला उभं करायचे. "कोणाला लावलीस? आन् पयला हात कोणी उचलला?" आमचा गणिताचा तास असा सुरू व्हायचा.

टेबलावर निरगुडीची फोक असायची. ती सर रोज ताजी तोडून आणायचे, वाळली की मोडते म्हणून. तिचा दर ठरलेला होता. "पयला हात उचलणाऱ्याला दोन, परत मारणाऱ्याला एक. ह्ये आपल्या वर्गाचं गुणोत्तर. दोनास एक. चार मारामाऱ्या झाल्या तर आठास चार. कोणाला समजलं न्हाई?" सगळ्यांना समजलेलं असायचं. गुणोत्तर आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, तळहातावर शिकलो. आज माझ्या पोराला कोणी असं मारलं तर मी शाळेत जाऊन त्याची कॉलर धरीन. तरीही ज्या माणसानं मला सगळ्यात जास्त शिकवलं, तो हाच. त्याला माझा इलाज नाही.

सर मूळचे बेल्ह्याचे. वडील बैलांचे हेडी, म्हणजे आठवडे बाजारात बैल घेणारे-विकणारे. त्यामुळे सरांचा आवाज बाजारातला होता आणि नजरही. पोराकडे बघायचे तेही दात तपासल्यासारखं. उंच, काळे, जाड भिंगांचा चष्मा, पॅन्ट घोट्याच्या वर आणि खाली टायरची चप्पल. त्यांच्याकडे एक लुना होती. तिला शिवी दिल्याशिवाय ती सुरू होत नाही असं आमचं ठाम मत होतं.

आमचं गाव खोडद आणि बेल्ह्याच्या मधलं. गावाला कालव्याची एक चारी, म्हणजे पाण्याचा पाट, मिळते. ती आधी वरच्या मळ्यातून जाते आणि मग आमच्या खालच्या मळ्यात येते. वरच्या मळ्यात जमीन पुष्कळ आणि घरं थोडी. खालच्या मळ्यात घरं पुष्कळ आणि जमिनीचे नुसते तुकडे. कालव्याला पाणी सुटलं की वरचे चारीत दगड आणि पोती टाकून पाणी अडवायचे, आणि आमचे लोक ते फोडायला जायचे. मी पाचवीत असताना वरच्या मळ्यातल्या तात्यांनी माझ्या चुलत्यांच्या, आप्पांच्या, उजव्या खांद्यावर फावडं घातलं. हाड जुळलं, पण आप्पांचा उजवा हात त्यानंतर खांद्याच्या वर गेला नाही. डोक्याला टॉवेल गुंडाळायलासुद्धा ते डावा हात वापरायचे. आमच्या घरात रोज जेवताना त्या फावड्याचा विषय निघायचा.

मग पोरं तरी काय करणार? आम्ही सातवीत गेलो तेव्हा वर्गात वरच्या मळ्याची रांग वेगळी, खालच्या मळ्याची वेगळी. नव्वदीची सुरुवात होती, शाळेला नुकती पत्र्याची खोली मिळाली होती, आणि त्या नव्या खोलीत पहिल्याच आठवड्यात रक्त सांडलं. माझा भाऊ विलास एका यत्तेत नापास झाला होता, म्हणून माझ्याच वर्गात होता. त्यानं कंपासचं टोक तात्यांच्या संदीपच्या दंडात खुपसलं. संदीपनं उलट त्याचं डोकं बाकावर आपटलं. सरांनी दोघांना समोर घेतलं. विलासला दोन, संदीपला एक. आमच्या रांगेत कुरकुर झाली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, यांच्या बापानं आमच्या आप्पांना आधी मारलंय. पहिला हात त्यांचा."

सरांनी फोक खाली ठेवली. "ए दगडूची," मला म्हणाले. मुलींना ते बापाच्या नावानंच हाक मारायचे. "तुझा हिशोब असाच मागं न्यायचा म्हटलं तर कुठपत्तूर नेशील? आजाच्या आजापत्तूर? तुमच्या बापांचं मला काय बी करता येत न्हाई. ती तयार झालेली मानसं हायेत. पर तुमी मोठं झाल्याव त्या चारीव एकमेकांची डोकी फोडू नये, एवढंच मला पायजे. दुसरं काय नगं. पास झाला न्हाईत तरी चालंल." मग जरा थांबून म्हणाले, "न्हाई, पास पन व्हा."

हे त्यांनी आम्हाला अगदी उघड सांगून ठेवलं होतं. त्यांचं सगळं गणित त्यासाठीच होतं.

पुस्तकावर त्यांचा राग होता. "पुस्तकात राम आन् श्याम आंबं वाटून घेत्यात. भांडत न्हाईत, रडत न्हाईत, लपवत न्हाईत. असली मानसं म्या तर बघितली न्हाईत," म्हणायचे. म्हणून पुस्तक बाजूला ठेवून खेळ. शनिवारची सकाळची शाळा सुटायच्या आधी मैदानावर कबड्डी. पण संघ मुद्दाम असमान. एकीकडे नऊ, दुसरीकडे सहा, आणि प्रत्येक संघात दोन्ही मळ्यांची सरमिसळ. नवांच्या संघानं गडी बाद केला तर दोन गुण, सहांच्या संघानं केला तर तीन. "जितकी मानसं कमी तितका गडी महाग. ह्याला व्यस्त प्रमाण म्हंत्यात." चढाई करणाऱ्यानं 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं नाही. तीनास दोनची भावंडं म्हणायची. सहास चार, नवास सहा, बारास आठ, पंधरास दहा, दम असेल तोवर. आकडा चुकला की बाद, दम तुटला की बाद. मुलीसुद्धा खेळायच्या. गुडघे फुटायचे, शर्ट फाटायचे. संदीपचा समोरचा एक दात माझ्या कोपरानं पडला तेव्हा तो एकविसास चौदापर्यंत पोचला होता. तोंडातून रक्त येत असताना त्यानं चोविसास सोळा म्हटलं आणि मगच खाली बसला. सरांनी त्याला गुण दिला. आमच्या संघानं तक्रार केली, तर म्हणाले, "दात ग्येला, आकडा न्हाई ग्येला. गुन खरा."

दुसरा खेळ शेंगांचा. यात्रेत बोकड पडलं की देवाचा वाटा काढून बाकीचे वाटे घालतात, आणि आमच्याकडे रीत अशी की वाटे घालणाऱ्यानं आपला वाटा शेवटी उचलायचा. म्हणजे तो लबाडी करत नाही. सरांनी हीच रीत वर्गात आणली. पाटीभर भुईमुगाच्या शेंगा, वरच्या मळ्याचा एक आणि खालच्या मळ्याचा एक. गुणोत्तर फळ्यावर. आधी सगळे सारखे भाग पाडायचे, मग समोरच्यानं आपले भाग उचलायचे, उरतील ते वाटे घालणाऱ्याचे. पहिले चार दिवस नुसती हाणामारी झाली. बुक्क्या, ओरबाडणं, शेंगा छतापर्यंत. सर दर लावून फोक चालवत राहिले. हळूहळू हात कमी उठायला लागले, कारण भाग नीट पाडले की भांडायला काही उरतच नव्हतं, आणि सगळ्यांना शेंगा खायच्या होत्या.

यात एक घोटाळा झाला, तो सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत. सहामाहीच्या पेपरात एक गणित होतं, पंचेचाळीस लाडू दोन भावांत चारास पाच वाटा. उत्तर वीस आणि पंचवीस. अर्ध्या वर्गानं उत्तर लिहिलं, धाकट्याला सोळा, थोरल्याला वीस आणि देवाला नऊ. मुख्याध्यापकांना वाटलं कॉपी झाली. सरांनी विचारलं तर विलास म्हणाला, "सर, देवाचा वाटा आधी काढल्याबिगर वाटं कसं घालायचं? एक काढला तर बाकीचं जमंना, म्हनून भाग बसंस्तवर काढत ग्येलो." सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. "देवानं लई खाल्लं रं," म्हणाले. मग मुख्याध्यापकांशी भांडून सगळ्यांना अर्धे मार्क दिले. "ह्यांचं गनित चुकलं न्हाई. ह्यांनी त्ये गावाकडनं सोडवलंय," असं त्यांचं म्हणणं. मला वरचा अर्धा मार्क मिळाला नाही, कारण माझं उत्तर बरोबर होतं आणि मार्क आधीच पूर्ण होते. याचा मला तेव्हा फार राग आला होता.

मग आला पाण्याचा खेळ. मैदानावर सरांनी चुन्याच्या फक्कीनं चारी आखली. वरचा मळा, खालचा मळा, घरांना विटा आणि एकरांना खडे. हापशाचं पाणी घागरीत. वरच्या मळ्याच्या पोरांना खालच्या मळ्याचे केलं आणि आम्हाला वरचे. मी तात्या झाले. खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली. मी कमरेवर हात ठेवून ओरडले, "पाणी जमिनीला लागतं. जमीन आमची जास्त. जमिनीनं धरा, तीनास दोन." संदीप खालच्या मळ्यातला गरीब कुणबी झाला होता, सहा पोरांचा बाप. तो म्हणाला, "घरांनी धरा. लेकरं आन् ढोरं जमिनीत न्हाई ऱ्हात, घरात ऱ्हात्यात. घरांनी धरलं तर दोनास तीन." आम्ही एकमेकांच्या अंगावर धावलो. मग आम्हाला एकदम कळलं की आपण उलटे भांडतोय. मी तात्यांची बाजू घेतेय आणि तात्यांचा पोरगा आमची. काही जण हसायला लागले. संदीप हसला नाही. तो फक्कीच्या रेघेकडे बघत उभा राहिला.

"आकडं दोनी खरं हायेत," सर म्हणाले. "आकडा कवा भांडत न्हाई. कशाचा आकडा धरायचा, तिथं मानूस भांडतं." मी विचारलं, "मग सर, बरोबर कोणतं?" तर म्हणाले, "मला ठावं असतं तर हितं फोक घिऊन हुबा ऱ्हायलो असतो का मी?"

त्या संध्याकाळी संदीपनं घरी जेवताना बापाला विचारलं, घरांनी धरलं तर पाणी कसं पडेल. तात्यांनी त्याला बैलाच्या कासऱ्यानं झोडपलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासालाच ते संदीपला दंडाला धरून वर्गात शिरले. पोराच्या पायांवर वळ होते, निळे आणि काळे. "मास्तर, तुमी पोरास्नी पाढं शिकवा. आमचं पानी कोनाला द्यायचं त्ये आमी बघू," असं म्हणाले आणि सरांच्या दोन थोबाडीत दिल्या. चष्मा उडून माझ्या बाकाखाली आला. सरांचा ओठ फुटला. मुठी बघणारा, फोक चालवणारा, हा एवढा उंच माणूस. आम्हाला वाटलं, आता तात्या आडवा होतो. विलास तर बाकावर चढलाच होता.

सरांनी हात उचलला नाही. बाहीनं तोंड पुसलं आणि आमच्याकडे वळले. "पयला हात कोनी उचलला?"

निघालेले तात्या दारातच थांबले. मग संदीपच म्हणाला, "माझ्या बापानं."

"मग किती?"

"दोन," असं म्हणून त्यानं आपला हात पुढे केला.

आणि सरांनी मारल्या. दोन, सपासप, नेहमीसारख्या. संदीपनं हात मागे घेतला नाही. तात्यांच्या तोंडाकडे मी बघितलं, ते उघडंच राहिलं होतं. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी तात्यांच्या पोराची बाजू घेईन असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं, पण मी उभी राहिले. "सर, हे चुकलं. संदीपनं हात उचललाच नव्हता."

"मग आत्ता पयला हात कोनी उचलला?"

"तुम्ही."

सर माझ्या बाकाशी आले, फोक माझ्या हातात दिली आणि आपला तळहात पुढे धरला. "किती?"

"दोन," मी म्हणाले आणि दिल्या. पूर्ण ताकदीनं दिल्या. हलक्या दिल्या असत्या तर त्यांनी परत द्यायला लावल्या असत्या, आणि खरं सांगायचं तर मला द्यायच्याही होत्या. त्यांच्या हातावर लाल रेघा उठल्या. सर म्हणाले, "बस खाली. चष्मा दे माझा." तात्या दारातून हे सगळं बघत होते. "येडं हाय मास्तर," असं पुटपुटत ते निघून गेले. पोराला मात्र वर्गातच ठेवून गेले. त्या वर्षी त्यांनी संदीपला शाळेतून काढलं नाही याचं गावाला आश्चर्य वाटलं.

यानंतर सर सुधारले वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी ताजी फोक टेबलावर होती. एकदाच, खेळ संपल्यावर पायरीवर बसलेले असताना ते आपल्या घराविषयी बोलले. त्यांचा थोरला भाऊ बांधाच्या भांडणात गेला होता. "वितभर बांध. मारणाऱ्याला जन्मठेप. त्याच्या घराला बी कुलूप, आमच्या बी. बांध अजून तितंच हाय," म्हणाले आणि लुनाला शिवी देऊन घरी गेले.

आम्ही दहावी झालो, पांगलो. माझं लग्न लोणीला झालं. नवऱ्याची पिठाची गिरणी आहे, मीही गिरणीवर बसते, आणि दळणावरून लोकांशी भांडते. संदीप बापाबरोबर शेती करू लागला. विलास टोमॅटो घेऊन नारायणगावला जाऊ लागला. सर शाळेतच राहिले, केस पांढरे झाले, निवृत्ती जवळ आली.

मग ते कोरडं साल आलं. दोन हजारनंतरचं. कालव्याचं शेवटचं पाणी सुटणार होतं आणि विहिरींना तळ लागला होता. लेकाचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात, म्हणून मी माहेरी आले होते. त्या सकाळी विलास गाडी घेऊन नारायणगावला गेला होता. मी दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, भाकरी द्यायला रानात गेले तर चारीवर ही गर्दी. वरच्या मळ्यानं चारी पोत्यांनी बुजवली होती. आमचे लोक खोरी-फावडी घेऊन उभे होते, त्यांचे कुऱ्हाडी घेऊन. दोन्हीकडे माझ्या वर्गातली बरीच जणं होती. त्यांच्यातल्या एकाच्याही हातात काही नव्हतं. ती बापांना, चुलत्यांना मागे ओढत होती, शिव्या खात होती. सरांनी हे बघितलं असावं, असं मला मानायचं आहे.

कारण सर आले. शाळेतल्या पोरांनी त्यांना सांगितलं असणार. लुना तशीच आडवी टाकून ते कोरड्या चारीत उतरले आणि दोन्ही हात पसरून मध्ये उभे राहिले. "एकेकानं बोला," म्हणाले. आवाज तोच, बाजारातला. तात्यांनी त्यांना ढकललं. तेवढ्यात आप्पा पुढे झाले. त्यांना तात्यांवर घाव घालायचा होता. सरळ वरून घातला असता तर तो तात्यांवरच बसला असता, पण त्यांचा हात वर जात नव्हता. त्यांनी डाव्या हातानं फावडं बाजूनं फिरवलं आणि ते सरांच्या कानशिलावर बसलं.

आवाज मला अजून ऐकू येतो. सर बसल्यासारखे खाली गेले. संदीप आणि मी त्यांना उचलून टेंपोत घातलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, माझं लुगडं रक्तानं जड झालं होतं. शेवटचं वाक्य वगैरे काही नाही. नारायणगावच्या दवाखान्यात ते गेले, शुद्धीवर आलेच नाहीत.

पोलिसांनी आप्पांसकट दोन्हीकडचे बरेच लोक धरून नेले, मग काही सोडले. सगळ्यांचे जबाब दहाव्यानंतर नीट घेणार होते. त्या दिवसांत आमच्या घरात दादांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "सर घसरलं. दगडावर डोस्कं आपटलं. आपल्या मळ्यातल्यांनी ह्येच बोलायचं. आप्पा माझा पाठचा भाऊ हाय, मंदे. तुला कडेवर घिऊन फिरलाय त्यो." हे खरं होतं. आप्पांनी मला लहानपणी कडेवर घेऊन सगळी यात्रा दाखवली होती. त्या आठवड्यात आई माझ्याशी बोलायचीच नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघायची.

दहावा बेल्ह्याला झाला. आमच्या भागात दहाव्याला मांडव पडतो, माइक येतो, पुढारी श्रद्धांजली वाहतात. एकानं सरांना शांतीचा दूत म्हटलं. माझ्या शेजारी बसलेला आमच्या वर्गातला एक जण आपल्या तळहाताकडे बघत राहिला. दोन्ही मळे मांडवात वेगवेगळ्या बाजूंना बसले होते. मी चहाच्या पातेल्यापाशी गेले तर तिथं संदीप उभा होता आणि त्याच्याभोवती आमचा सातवीचा वर्ग, दोन्हीकडचे.

"मंदे, आमच्याकडं तीन नावं ठरल्यात," तो म्हणाला. "आप्पा, तुझं दादा आन् विलास."

"विलास तिथं नव्हताच."

"म्हाईत हाय. तुमच्याकडं काय ठरलंय?"

"एकही नाही. सर घसरले."

माइकवर कोणीतरी सरांचं शिक्षण सांगत होतं, तेही चुकीचं.

"एकच हाय," संदीप म्हणाला. "तीन बी न्हाई आन् काहीच न्हाई असं बी न्हाई. आम्ही तेवढं एक सांगणार. पर आप्पा तुझा चुलता हाय. तू ऱ्हाऊ दे. तू सासरी निघून जा."

मला राग आला. "मी गेले तर तुमच्या एकावर कोण विश्वास ठेवील? तुम्ही वरच्या मळ्याचे. सगळे म्हणतील सूड घेतला. आणि तू तीन नाही म्हणालास तर तात्या तुला घरात ठेवतील?"

"न्हाई ठेवणार," तो म्हणाला, आणि चहाचा कप माझ्या हातात दिला.

जबाब एकेकाचा घेतला. फौजदारांना वाटलं आम्ही पढवून आलोय, इतकं सगळ्यांचं सारखं होतं. मी आप्पांचं नाव घेतलं. घाव सरांसाठी नव्हता हे सांगितलं. आप्पांचा उजवा हात वर का जात नाही आणि तो कोणी मोडला, तेही सांगितलं. संदीपनंही ते सांगितलं, आपल्या बापाचं नाव घेऊन. विलास सुटला, दादांना कोणी हात लावला नाही. खून म्हणून उभं राहिलेलं प्रकरण शेवटी खुनाचं राहिलं नाही आणि आप्पांना कमी शिक्षा झाली. पण शिक्षा झाली. कोर्टात मी कठड्यात उभी असताना आप्पा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

दादांनी त्याच संध्याकाळी सांगितलं, "पुन्हा माझा उंबरा चढू नगंस." तात्यांनी संदीपच्या कपड्यांची पेटी रस्त्यावर फेकली. तो चाकणला कंपनीत लागला. बाकीच्यांनीही कमीजास्त सोसलं. त्यानंतर आजवर आमच्या चारीवर काठी उठलेली नाही. पाणी कसं वाटायचं यावर अजून एकमत नाही, शिव्या रोज होतात, पण मढं पडलेलं नाही. सरांना एवढंच पाहिजे होतं, ते झालं. त्याची किंमत त्यांनी दिली तशी आम्हीही दिली, आणि ते मला विचारून ठरलेलं नव्हतं. मला त्या माणसाचा फार राग येतो. फार आठवणही येते.

काही वर्षांनी मी गिरणीच्या कामाला बेल्ह्याकडे निघाले होते. आमच्या गावच्या फाट्यावर एस.टी. थांबली आणि खिडकीतून मला फ्लेक्स दिसला. दादांचा फोटो, फेटा बांधलेला, विलासच्या लग्नातला. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली शोकाकुल म्हणून आप्पांपासून विलासच्या तान्ह्या पोरापर्यंत सगळ्यांची नावं, माझं सोडून. दहावा त्याच दिवशी होता. माझा बाप मरून दहा दिवस झाले होते आणि मला ते एस.टी.च्या खिडकीतून कळलं. मी उतरले. कंडक्टर "अहो ताई, तिकीट बेल्ह्याचं हाय," म्हणत राहिला.

घाटावर गेले आणि मांडवाच्या अगदी मागे, बायकांच्याही मागे, खाली बसले. कोणी ये म्हणालं नाही, कोणी जा म्हणालं नाही. आईनं एकदा वळून बघितलं. मी रडले नाही, नुसती दातावर दात दाबून बसले. थोड्या वेळानं शेजारी कोणीतरी येऊन बसलं. संदीप होता, चाकणहून मोटारसायकलवर आलेला, अंगात कंपनीचाच शर्ट. खालच्या मळ्याच्या दहाव्याला बसलेला वरच्या मळ्यातला तो एकटाच.

"तुला रे कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"फाट्यावर बोर्ड बघितला परवा घरावरनं जाताना. बापाला भेटाय आलतो. त्यानं दार उघडलं न्हाई."

माइकवरचा पुढारी माझ्या बापाविषयी काहीतरी सांगत होता.

"संद्या, सरांना शिव्या घालाव्याशा वाटतात का रे तुला कधी?"

"रोज," तो म्हणाला.

मग मला रडू आलं. दहाव्याला बोलावणं नसतं, निरोप असतो, आणि तो आम्हा दोघांनाही आला नव्हता. तरी विधी संपेपर्यंत आम्ही दोघंही तिथून हललो नाही.